'इव्हॅक्युएशन'ला काय लिहावं?

गुलबक्षी: अनुवादात अडलेय. कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीला शेवंती पिकवणारं जपानी कुटुंब. मे १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, अमेरिकी सरकारनं त्यांना उचलून टॅनफोरनच्या रेसकोर्सवर नेलं. सरकारी कागदात शब्द 'इव्हॅक्युएशन'. मी 'स्थलांतर' लिहिलं. संपादकबाई म्हणतात, स्थलांतर पक्षी करतात.

बोरूबहाद्दर: ऊसतोडीला जातात तेही स्थलांतरच की! पण इथे खांबाखांबावर नोटिसा लागल्या, हातात मावेल तेवढंच सामान घ्या म्हणून. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा ९०६६ क्रमांकाचा आदेश. सुमारे १,२०,००० माणसं, त्यातली दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक. सरळ 'स्थानबद्धता' लिहा. आणीबाणीत आमचे काका मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, स्थानबद्ध होते.

कोयनाकाठ: ती कुंपणाआड गेल्यावरची गोष्ट. आधी घर सुटलं, त्याचं काय? आमच्याकडे धरणाच्या वेळी 'गाव उठलं' म्हणत. 'पुनर्वसन' हा शब्द आजीच्या तोंडून कधी ऐकला नाही.

शुद्धमती: 'उठवलं' म्हणजे झोपेतून वाटेल. 'तडीपार' का नको? तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला.

बोरूबहाद्दर: तडीपारीत निदान आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घेतात. यांना कुणी विचारलं?

गुलबक्षी: बरं, अजून एक. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं, नागरिकत्व मिळूच शकत नाही म्हणून, पहिल्या पिढीला जमीन विकत घेता येईना. मग खंडानं कसायची, नाहीतर तिथे जन्मलेल्या पोरांच्या नावावर करायची. यांना 'कूळ' म्हणू?

कोयनाकाठ: नको हो, कूळ म्हटलं की १९४८ चा कूळकायदा आठवतो. तिथे सगळंच उलटं. १९२३ च्या थिंड निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांनाही नागरिकत्व नाकारलं, मग तिकडच्या पंजाबी शेतकऱ्यांनाही तोच फास बसला. 'खंडकरी' चालेल.

गुलबक्षी: चालेल. पण रेसकोर्सवर त्यांना ठेवलं घोड्यांच्या खणांत. भिंतींना घाईनं चुना फासलेला, त्यात घोड्याचे केस तसेच चिकटलेले. त्याला 'तबेला' लिहिलंय.

शुद्धमती: तबेला अरबी. 'अश्वशाळा' लिहा.

बोरूबहाद्दर: अश्वशाळेत श्यामकर्ण राहतात, ताई. त्या चुन्याला अश्वशाळेचा वास येत नाही.

कोयनाकाठ: आणि मुंबईत तबेला म्हशींचा. आमच्या चुलत्यांचा टांगा होता, एका घोड्याच्या जागेला ते 'ठाण' म्हणत. एकेका कुटुंबाला एकेक ठाण.

शुद्धमती: ठाण संस्कृत 'स्थान'वरून. म्हणजे शेवटी माझंच खरं!

बोरूबहाद्दर: मग पोलीस ठाण्यालाही अश्वशाळा म्हणा.