वडिलांच्या कळा, मॉर्फिन आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख

कृष्णाकाठ (कराड):
वडिलांना जबड्याचा कॅन्सर आहे, वय ६७. रेडिएशन झालं, आता नाकातून नळी आहे. रात्री कळा येतात तेव्हा उशीत तोंड खुपसून बसून राहतात. मुंबईच्या ओपीडीत मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. काका म्हणतात, सवय लागेल, आणि मॉर्फिन म्हणजे शेवटचंच औषध. म्हणून फारच दुखलं तर देतो. सुरुवातीला दिवसभर झोपून होते, त्यानंही घाबरलो. चार दिवस शौचाला झालेली नाही. एवढ्यासाठी पुन्हा मुंबई गाठायची का?

माणदेशी:
आमच्या आईला फेंटानिल या वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच लावायचे, तीन दिवस चालायचा. तोच मागून घ्या, गोळ्यांची कटकट नको.

सुनंदा_सिस्टर:
दादा, मी पुण्यात पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या ओपीडीत नर्स आहे. माझी निम्मी नोकरी फोनवर असते, कारण मॉर्फिन सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी फोन करावाच लागतो. तीन आठवड्यांची तारीख कॅन्सरची गाठ तपासण्यासाठी असते. दुखणं तोवर थांबत नाही. तिकडून फोन आला नसेल तर तुम्ही करा, आजच.

साध्या गोळीचा असर चार तासांत उतरतो. कळ उठल्यावर दिली की तुम्ही कायम तिच्या मागे धावणार. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, दुखो न दुखो. रात्री दहाला दुप्पट देऊन दोनचा डोस टाळतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, तेही विचारून कागदावर घ्या. जादा डोस दिवसातून तीन-चार वेळा लागत असेल तर मूळ डोस कमी पडतोय, लगेच कळवा.

वडिलांना "बरं वाटतंय का" विचारू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं "चालायचंच" म्हणून मोकळी होतात. शून्य ते दहात आकडा विचारा: गोळीआधी किती, तासाभराने किती, रात्री सलग किती झोपले. वहीत वेळेसकट लिहा. फोनवर मला तीच वही हवी असते. दुखणं जळजळ किंवा करंट बसल्यासारखं असेल तर तेही सांगा. ते नसेचं असतं, त्याला गॅबापेंटिनसारखं वेगळं औषध जोडावं लागतं.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी येतेच, त्यात कित्येक रात्रींची झोप थकलेली. पण हलवून जागे होत नसतील, श्वास फार संथ झाला, भ्रम झाला, हातपाय झटकू लागले किंवा लघवी कमी झाली, तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टर गाठा.

बद्धकोष्ठाची मात्र शरीराला सवय होत नाही. मॉर्फिनसोबत रोज रेचक हवंच, आणि चार दिवस झालेत म्हणजे आज ते सांगाच. इसबगोल नको, नळीत घट्ट होऊन बसेल. गोळी साधी आहे की सावकाश विरघळणारी, तेही विचारा. साधी कुटून पाण्यातून नळीत देता येते, दुसरी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

काकांना सांगा, दुखण्यासाठी देखरेखीखाली घेतलेल्या औषधाचं व्यसन क्वचितच लागतं. रेडिएशनने दुखणं उतरलं की आम्ही डोस हळूहळू खाली आणतो. मनाने एकदम बंद मात्र करू नका.

माणदेशी, पॅच अंगात चढायला बारा ते चोवीस तास घेतो. दुखणं रोज वरखाली होत असताना तो सोयीचा नाही.

गोळ्या संपायच्या आधी हालचाल करा. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ला दुरुस्ती झाली, त्यानंतर मान्यताप्राप्त संस्था मॉर्फिन ठेवू शकतात, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, उपचार मोफत आहेत. वडिलांना न नेता कागद घेऊन एकट्याने गेलं तर चालेल का, ते आधी फोनवर विचारा.

कृष्णाकाठ:
फोन लागला. वेळेवर द्यायला सांगितलं, रेचक सुरू केलं. गोळी साधीच आहे. काल रात्री दुखण्याचा आकडा नऊवरून चारवर आला, असं सांगितलं बाबांनी. काका अजून कुरकुरतात.

सुनंदा_सिस्टर:
चारवर थांबायचं नाही, आणखी खाली येऊ दे. शौचाला झाली का? आणि गोळ्या मोजून सांगा, किती उरल्यात.