झऱ्याला प्लास्टर आणि धुण्याचे दगड: मंडळाच्या ठरावाला माझा विरोध

गिरणगावकर: आपल्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर परवा ठराव फिरला: झऱ्याला आतून सिमेंट, वर टाइल्स, धुण्याचे दगड काढून पेव्हर ब्लॉक. दादरच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले म्हणे. अरे, पाणी सड्याच्या, म्हणजे वरच्या सपाट माळाच्या, जांभा दगडातून मुरतं, खालच्या चिकट मातीवर अडतं आणि कडेने पाझरतं. म्हणूनच मागची भिंत कोरडी रचलेली आहे, सांध्यासांध्यातून पाणी येतं. ते सांधे लिंपले की पावसाळ्यात मागून दाब येऊन भिंतीला पोट येणार, नाहीतर पाणी दुसरीकडे फुटून झऱ्याचं कुंड आटणार.

विरारची सून: भिंतीचं कळलं. पण धुण्याच्या पावडरीचा फेस थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात जातो, तिथे गुरं पितात. दगड हलवायलाच हवेत.

गिरणगावकर: दगड काढलेत तर धुणं कुंडाच्या काठावर येईल! पिण्याचं वर, भांडी मध्ये, धुणं शेवटी, ही रचना मुद्दाम आहे. सांडपाणी शोषखड्ड्यात वळवा: तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू, कडेला केळी-अळू. साबणाच्या साक्याने वाळू बुजते, ती वरचेवर बदलावी लागते.

सडेकर, डोंबिवली: साबणावर काय भांडताय? सड्यावर बोअर पडतायत ते बघा! केसिंग, म्हणजे बोअरमधला पाइप, जांभा ओलांडून खालच्या कातळात घट्ट बसवलं नाही, तर जांभ्यातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हे १९९३ च्या भूजल कायद्यातच होतं.

विरारची सून: मग म्हाताऱ्यांनी हंडेच वाहायचे का? मुंबईत नळाखाली बसून कायदा सांगणं सोपं आहे.

सडेकर, डोंबिवली: बोअर झऱ्याच्या खालच्या अंगाला मारा, कोण अडवतंय! वरच्या अंगाला मारलात तर अख्ख्या वाडीचं पाणी तोडताय.

वाळकेश्वरकर: गाळ काढायला जेसीबी तर नकोच. जून २०२४ मध्ये आमच्या वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात ठेकेदाराने यंत्र उतरवलं आणि पायऱ्या फुटल्या. इथे तळाची माती फाटली तर पाणी खालीच जिरेल. वैशाखात घमेल्याने, हातानेच काढा.

विरारची सून: बरं, प्लास्टर नको, दगड राहू देत. पण शोषखड्डा आधी. आणि ते कुंडात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओततात त्याचं काय?

गिरणगावकर: वाहत्या पाण्यात ती टिकत नाही. साठवण टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम, मग अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. शोषखड्डा ठरावात पहिला घालतो.

विरारची सून: घाला. बोअरचं मात्र मला अजून पटलेलं नाही.