एका ओळीची व्याख्या पुरत नाही

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मदत-पानांबद्दल इथे सूचना आली आहे: प्रत्येक कीवर्डला (भाषेनं ठरावीक कामासाठी राखून ठेवलेल्या शब्दाला) स्वतंत्र पान हवं, आणि त्यावर एका ओळीची व्याख्या पुरे. स्वतंत्र पान पटलं, ‘एका ओळीची व्याख्या पुरे’ हे मात्र नाही.

पायथनची आत्ताची हेल्पच घ्या. तिथे ‘एलिफ’ (‘नाहीतर, जर’) विचारा, ती तुम्हाला ‘इफ’च्या (‘जर’च्या) पानावर नेते आणि आधी पायथनच्या व्याकरणाचे नियम पुढ्यात टाकते. इथे इंदूरला माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तिथेच पान बंद करतात. व्याकरण असू दे, पण खाली. वर चार ओळींचं चालणारं उदाहरण हवं.

खरी गोची ‘एल्स’ची. ‘इफ’बरोबर तो ‘नाहीतर’ असतो, तर ‘फॉर’बरोबर, म्हणजे एकेक गोष्ट घेत फिरणाऱ्या फेरीबरोबर, ‘ब्रेक (फेरी मध्येच थांबवणारा शब्द) न लागता फेरी पुरी झाली तर’. मुलांना मी असं सांगतो: सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, म्हणजे हिवाळ्यात मिळणारा तळलेला कंद, शोधत दुकानामागून दुकान बघतोय. मिळाला की ब्रेक. सगळी दुकानं संपली आणि मिळालाच नाही, तरच एल्स, म्हणजे घरी जाऊन खिचडी. (उन्हाळ्यात हा प्रोग्राम नेहमी एल्समध्येच जातो!) ‘ट्राय’बरोबरचा (एरर येऊ शकेल असा कोड चालवून बघणाऱ्या शब्दाबरोबरचा) एल्स आणखी वेगळा: काही एरर आली नाही तर चालणारा. एका शब्दाची ही सगळी रूपं एकाच पानावर हवीत.

अजून एक. ‘मॅच’ आणि ‘केस’ हे पायथनच्या ३.१० आवृत्तीत, २०२१ साली आलेले सॉफ्ट कीवर्ड, म्हणजे ठरावीक जागीच कीवर्ड ठरणारे शब्द. व्हेरिएबलला (माहिती साठवायच्या नावाला) ती नावं आजही देता येतात. ३५ पक्क्या कीवर्डांत त्यांना मिसळू नका, पण पानावर हे ठळक लिहा.

एल्सचं पान मी मराठीत लिहून ठेवलंय. ‘यील्ड’ या कीवर्डच्या पानावर अडलोय, कोणी हात लावणार का?