शब्दचर्चा : हिमनग वितळला की हिमनदी?

मुद्रितशोधक
परवा एका लेखाची मुद्रितं तपासत होतो. पहिल्याच परिच्छेदात वाक्य : ‘हिमनग वितळू लागल्याने जगभर समुद्राची पातळी वाढत आहे.’ ऱ्हस्व-दीर्घ ठीक, विरामचिन्हं ठीक. पुढे गेलो आणि चार ओळींनंतर परत मागे आलो. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गटावर एक निरोप फिरत होता : ‘ग्लासात पाणी घ्या, बर्फाचे खडे टाका, वितळू द्या. पाणी वाढलं का? नाही ना? मग समुद्र कसा वाढेल? सगळी थापेबाजी!’

मी करून पाहिलं. काचेचा पेला, पाण्याच्या रेषेवर स्केचपेनची खूण, दोन खडे तरंगत. अर्ध्या तासाने पाणी खुणेवरच. मग दुसरा पेला घेतला, त्यावर चहाची गाळणी ठेवली आणि खडे गाळणीत. हे पाणी मात्र खूण ओलांडून वर आलं. बायको म्हणाली, गाळणी धुऊन ठेवा.

तर पहिला पेला म्हणजे हिमनग, दुसरा म्हणजे हिमनदी. निरोप लिहिणाऱ्याने विज्ञान चुकीचं सांगितलं नाही, त्याने आपलं मराठी वाक्य शब्दशः खरं मानलं. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं ‘हिमनग वितळले’ लिहिलं नसतं तर या निरोपाला उभं राहायला जागा मिळाली असती का? तुम्ही काय लिहिता?

पिंपळपान
मुळात ‘हिमनग’ हा शब्दच फसवा आहे. नग म्हणजे जो जात नाही तो, म्हणजे पर्वत. आणि हा पठ्ठ्या समुद्रभर भटकतो! ‘आइसबर्ग’मधल्या बर्गचा अर्थ डोंगर, त्यावरून कोणीतरी हा शब्द घडवला असणार. उलट जी खरोखर डोंगरावर बसलेली असते तिला आपण नदी म्हणतो. ते मात्र बरोबर आहे, कारण ती सरकते. नवख्याचा गोंधळ होणारच. त्यात मराठीत नग म्हणजे डझनाने मोजायची वस्तूही.

‘हिमनगाचं टोक’ या आयात वाक्प्रचाराने हा शब्द घरोघर पोचवला. घोटाळ्याची बातमी असली की हिमनग आलाच. ‘हिमनदी’ला असं नशीब लाभलं नाही. ओळखीचा शब्द हाताशी असला की माणूस तोच वापरतो.

भूगोलवाली
शाळेत वीस वर्षं हेच शिकवते, म्हणून थोडी भर. माझ्या वहीतले शब्द असे : जमिनीवरून सरकते ती हिमनदी. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका झाकून टाकणारी ती हिमचादर. तिचा समुद्रावर तरंगणारा, पण जमिनीवरच्या बर्फाला जोडलेला भाग म्हणजे हिमफळी. त्यातून सुटून वाहत जातो तो हिमनग. आणि समुद्राचं पाणीच गोठून होतो तो सागरी बर्फ. आर्क्टिकमधला उन्हाळी बर्फ कमी झाल्याच्या बातम्या या शेवटच्या प्रकाराच्या असतात. त्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, पण पांढऱ्या बर्फाजागी काळं पाणी उघडं पडलं की ऊन जास्त शोषलं जातं.

आकडे ऐकले की मुलं गप्प होतात. ग्रीनलंडची सगळी चादर वितळली तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल, अंटार्क्टिकाची वितळली तर सुमारे 58 मीटर. (हे उद्या-परवा होणारं नाही, तेही लगेच सांगावं लागतं. नाहीतर एखादा गृहपाठच करत नाही.)

पण मुद्रितशोधक, ‘हिमनग’ खोडून ‘हिमनदी’ केलंत तरी वाक्य अर्धंच राहतं. पाणी तापलं की फुगतं. 1971 ते 2018 या काळात समुद्र जेवढा वाढला त्यातली जवळपास निम्मी वाढ या फुगण्याची, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, 2021च्या अहवालात आहे. त्यात बर्फाचा काही संबंध नाही. दूध उतू जातं तेव्हा त्यात कोणी पाणी ओतलेलं नसतं.

पिंपळपान
दुधाचा दृष्टान्त सुंदर, पण दूध सायीमुळे आणि वाफेमुळे उतू जातं हो ताई. 🙂

भूगोलवाली
मान्य. दृष्टान्त मागे घेते. थर्मामीटरमधला पारा घ्या.

मुद्रितशोधक
‘हिमफळी’ आवडला. पण ती तरंगतेच आहे, म्हणजे पहिला पेला. मग ती तुटल्याची एवढी बातमी का होते?

भूगोलवाली
कारण ती मागच्या हिमनद्यांना अडवून धरते. 2002मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळची लार्सन बी नावाची फळी काही आठवड्यांत फुटली, सुमारे 3,250 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा जराशीच लहान. पातळी तिच्यामुळे वाढली नाही, पण मागच्या हिमनद्या मोकळ्या झाल्या आणि कितीतरी वेगाने समुद्रात उतरू लागल्या. वर्गात मी ‘अडसर’ म्हणते. दाराचा अडसर काढल्यासारखं. हल्ली अडसर पाहिलेली मुलं कमी, पण हात करून दाखवला की कळतं.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर : भारताचं ध्रुवीय संशोधनाचं केंद्र वास्कोत आहे. अंटार्क्टिकावरचं आपलं पहिलं ठाणं, ‘दक्षिण गंगोत्री’, अशाच हिमफळीवर उभारलं होतं आणि काही वर्षांत ते बर्फाखाली गाडलं गेलं. पुढचं ‘मैत्री’ खडकावर बांधलं.

कालवण
मी स्वयंपाकघरातून लिहिते, चालेल ना? सगळ्यांनी ‘वितळणे’ गृहीत धरलंय. आमच्या घरी बर्फ ‘विरघळतो’. मुलगा ओरडतो, आई, मीठ विरघळतं, बर्फ वितळतो. तूप मात्र पातळ होतं किंवा पाघळतं. आणि उलट दिशेला पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. एवढे शब्द असताना बातम्यांत सगळ्याला एकच.

मुद्रितशोधक
मुलगा बरोबर आहे, तरी ‘बर्फ विरघळला’ इतक्या तोंडी आहे की बोलण्यात मी दुरुस्त करत नाही. छापताना करतो. विरघळायला दुसरा कोणी लागतो, पाणी किंवा दूध. वितळायला ऊब पुरते.

गिर्यारोहक भाऊ
‘ग्लेशियर रिट्रीट’चं मराठी मला छळतं. ‘हिमनदी मागे सरली’ लिहिलं की वाचकाला वाटतं बर्फ उलटा डोंगर चढतो. बर्फ खालीच येत असतो, पण टोकाला जेवढा येतो त्याहून जास्त वितळतो, म्हणून टोक वर सरकतं. गंगोत्री हिमनदीच्या त्या टोकाला आपल्याकडे केव्हापासून नाव आहे : गोमुख. इंग्रजीतही त्याला जनावराचं नाक-तोंड या अर्थाचाच शब्द आहे, हा योगायोग मला फार आवडतो. आणि हिमनदीच्या टोकाचा कडा तुटून समुद्रात पडतो त्याला इंग्रज ‘वासरू घालणं’ म्हणतात. म्हणजे ‘हिमनदी व्याली’!

पिंपळपान
गोमुख आहेच, आता व्याली तर खर्वससुद्धा मागतील लोक. ‘कडा सुटला’ पुरे.

बाकी ‘मागे सरली’ला सोपा पर्याय समोरच आहे. नदी आटते ना? मग हिमनदीही आटते. ‘हिमालयातल्या हिमनद्या आटत आहेत.’ एका क्रियापदात काम झालं, आणि किती आटली, कधीपर्यंत आटेल, हे प्रश्नही आपोआप येतात.

गिर्यारोहक भाऊ
‘कधीपर्यंत’वरूनच तर महाभारत झालं होतं. आयपीसीसीच्या 2007च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत नाहीशा होऊ शकतील असं छापलं गेलं. नोव्हेंबर 2009मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या विलक्षण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही, असं त्याचं म्हणणं. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोणा म्हणून संभावना केली. आणि जानेवारी 2010मध्ये आयपीसीसीलाच 2035चं विधान चुकलं म्हणून कबूल करावं लागलं. एका जुन्या रशियन अंदाजात 2350 हे साल होतं, आकड्यांची अदलाबदल तिथून झाली असावी असंही तेव्हा बोललं गेलं. मुद्रितशोधक, तुमच्या धंद्यातली एवढी महागडी चूक दुसरी नसेल.

बहुतेक हिमनद्या आटत आहेत हे त्याने खोटं ठरत नाही. पण विरोधकांना एक साल पुरलं.

मुद्रितशोधक
रात्री झोप येणार नाही आता. आकडे मी मूळ प्रतीशी दोनदा ताडतो ते याच भीतीने.

बांधावरून
रायगडातून लिहितो. आमच्याकडे ‘पातळी’ कोणी म्हणत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि मग पुढची काही वर्षं भात विसरा. गेल्या पावसाळ्यात आमच्या खांडीतून पाणी आलं तेव्हा सकाळी भाताच्या रोपांत बोईट मासे उड्या मारत होते. पोरं खूश. आजोबा बांधावर बसून राहिले.

आता जो-तो येऊन सांगतो, हे ग्लोबल वॉर्मिंग. अहो, बांधाची डागडुजी कित्येक वर्षं नाही, कांदळवन तोडलं, रेती उपसली, त्याचं काय? मोठा शब्द आला की जबाबदार माणूस सुटतो.

भूगोलवाली
तुमचं बरोबर आहे, आणि तरी दोन्ही खरं असू शकतं. 1901 ते 2018 या काळात जगाचा समुद्र सरासरी 20 सेंटिमीटर चढला. वीतभर. मुंबईत अपोलो बंदरला 1878पासून भरती-ओहोटीची नोंद आहे, तिथेही कल चढाचाच. घराचं जोतं वीतभर उंचावलं की छप्परही तेवढं वर जातं, तसं तेच उधाण आता वीतभर उंच जोत्यावरून येतं. दुरुस्त बांध ते थोपवील, पडका थोपवणार नाही.

बांधावरून
जोतं पटलं. ‘पातळी वाढली’पेक्षा ‘समुद्राचं जोतं वर आलं’ आमच्या आजोबांना कळेल.

पिंपळपान
आणि ‘ग्लोबल वॉर्मिंग’चं काय करायचं? ‘जागतिक तापमानवाढ’ रुळलाय. ‘क्लायमेट चेंज’ला मात्र कोणी ‘हवामान बदल’ म्हणतो, तर सरकारी खात्याच्या पाटीवर ‘वातावरणीय बदल’. शाळेत वेदर म्हणजे हवा आणि क्लायमेट म्हणजे हवामान शिकवतात, आणि ‘हवामान विभाग’ सांगतो काय, तर उद्या पाऊस पडेल का! म्हणून थंडी पडली की ‘कुठे आहे तुमचा हवामान बदल’ असं विचारायला लोक मोकळे. अमेरिकेत तर 2002 साली फ्रँक लुंट्झ या राजकीय सल्लागाराने ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतीदायक वाटतं, असा लेखी सल्ला रिपब्लिकनांना दिला होता. उलट 2019मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने आपल्या वार्ताहरांना ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘ग्लोबल हीटिंग’ हा शब्द सुचवला, म्हणजे आपल्या ‘ताप चढणे’च्या जवळ जाणारा. मला ‘ताप चढला’ मराठीत झकास वाटतं, पण कोणी छापणार नाही.

मुद्रितशोधक
शेवटी मी केलेलं वाक्य : ‘समुद्र तापून फुगत आहे आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडत आहे, त्यामुळे त्याची पातळी वाढते आहे.’ लेखकाने मान्य केलं. मथळा मात्र पानावर मावेना, म्हणून तिथे ‘वितळते हिमनग’ तसाच राहिला. आणि चित्र आलंय पांढऱ्या अस्वलाचं, सागरी बर्फाच्या तुकड्यावर उभं. चित्रओळ उद्या सकाळपर्यंत द्यायची आहे. ‘तुकडा’ फार किरकोळ वाटतो, ‘खंड’ फार मोठा.

कालवण
लादी! मासळीबाजारात बर्फ लादीनेच येतो. ‘बर्फाच्या तरंगत्या लादीवर अस्वल.’

मुद्रितशोधक
लादी. पाठवतो.