मदत हवी आहे: पॅसिव्ह व्हॉइसचा तक्ता पाठ आहे, पण वाक्य अडतं

नमस्कार मंडळी,

इंग्रजी व्याकरण नव्याने घोटतोय. कर्म पुढे आणायचं, काळाप्रमाणे 'बी'चं रूप, मग क्रियापदाचं तिसरं रूप, आणि कर्ता ठेवायचाच तर 'बाय' लावून मागे. 'शी राइट्स अ लेटर'चं 'अ लेटर इज रिटन बाय हर' झोपेतही करून देईन. तक्त्याबाहेरचं वाक्य समोर आलं की मात्र पंचाईत.

सगळ्यात मोठा घोळ असा: 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला कर्मणी प्रयोग. पॅसिव्ह व्हॉइसलाही पुस्तकं कर्मणी प्रयोगच म्हणतात. मग याचं इंग्रजी सरळ 'राम एट अ मँगो' कसं? दुसरं, 'ही गेव्ह मी अ बुक' मध्ये कर्मं दोन, मग पुढे कोणतं आणायचं? 'द ॲक्सिडेंट हॅपन्ड'चं 'वॉज हॅपन्ड' का होत नाही, अपघात काही स्वतःहून करत नाही ना? आणि 'शी हॅज बीन रायटिंग अ लेटर'ची चौकट माझ्या तक्त्यात कोरीच आहे. छपाईची चूक की खरंच काही नसतं?

प्रतिसाद १

शेवटच्याचं आधी सांगतो. छपाईची चूक नाही. 'हॅज बीन बीइंग रिटन' असं रूप नियमाने बनतं, पण सहसा कोणी वापरत नाही. 'विल बी बीइंग रिटन'चंही तसंच. अशी वाक्यं ॲक्टिव्हमध्येच राहू द्या.

प्रतिसाद २

कर्मणीचा घोळ सोडवला की निम्मं काम होतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या मागे जातं यावरून. रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून कर्मणी. पण राम 'ने' लावून आपल्या जागी ठाण मांडून बसलाय. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्त्याची खुर्चीच जाते. कर्म तिथे बसतं आणि करणारा 'बाय'च्या मागे जातो, नाहीतर पार नाहीसा होतो. त्यामुळे 'ने'वालं वाक्य इंग्रजीत ॲक्टिव्हच येणार.

पॅसिव्हच्या जवळचं मराठी रूप हवं असेल तर 'जा' शोधा. आंबा खाल्ला गेला. पत्र लिहिलं जातं, 'इज रिटन'. लिहिलं जात आहे, 'इज बीइंग रिटन'. लिहिलं गेलं आहे, 'हॅज बीन रिटन'. लिहिलं जाईल, 'विल बी रिटन'. 'लिहिलं' जागचं हलत नाही, काळ सगळा 'जा'वर चढतो. इंग्रजीतही 'रिटन' तसंच राहतं आणि काळ 'बी' वाहतो. हे एकदा दिसलं की तक्ता पाठ करायची गरज उरत नाही. (शाळेत हे असं का दाखवत नाहीत, देव जाणे.)

अपघातालाही हीच कसोटी लावा. 'अपघात घडला गेला' म्हणवतं का? नाही. 'हॅपन', 'अराइव्ह', 'डाय', 'स्लीप' अकर्मक आहेत. पुढे आणायला कर्मच नाही, मग पॅसिव्ह कुठून येणार? कर्ता खरंच काही करतो की नाही, हा विचार इथे आडवाटेला नेतो. 'द डोअर ओपन्ड' आणि 'द डोअर वॉज ओपन्ड' दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात दार उघडलं एवढंच, दुसऱ्यात ते कोणीतरी उघडलं. उलट 'हॅव', 'लॅक', 'रिझेम्बल' यांना कर्म असूनही पॅसिव्ह होत नाही. 'अ कार इज हॅड बाय हिम' वाचून इंग्रजी माणूस चक्रावेल.

प्रतिसाद ३

दोन कर्मांचं राहिलं. दोन्ही चालतात: 'आय वॉज गिव्हन अ बुक' किंवा 'अ बुक वॉज गिव्हन टू मी'. माणूस पुढे आणलेलं वाक्य जास्त ऐकू येतं. फक्त 'एक्सप्लेन'पासून सावध. 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल' आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते चूक आहे. मुळात 'एक्सप्लेन्ड मी द रूल' होत नाही, मग त्याचं पॅसिव्ह तरी कसं होणार? 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी' म्हणा.

आणि दर वेळी 'बाय' चिकटवू नका. 'समवन', 'पीपल', 'दे' असा कर्ता असेल तर तो गाळलेलाच बरा.

धागाकर्ता

'जा'ची युक्ती झकास! अजून दोन वाक्यं देतो आणि थांबतो. 'पीपल लाफ्ड ॲट हिम' आणि 'दे मेड हिम वेट'.

प्रतिसाद २

'ही वॉज लाफ्ड ॲट'. 'ॲट' जागेवरच राहतो. करणारा सांगायचाच असेल तर 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन'. दोन शब्दयोगी शेजारी दिसले तरी बिचकू नका, एकही गाळायचा नाही. 'लुक आफ्टर'चंही हेच.

दुसऱ्यात गंमत आहे. ॲक्टिव्हमध्ये नसलेला 'टू' पॅसिव्हमध्ये उगवतो: 'ही वॉज मेड टू वेट'. पण 'लेट'ला हे लावायला जाऊ नका. 'दे लेट हिम गो'चं पॅसिव्ह करायची वेळ आली तर क्रियापद बदलून 'ही वॉज अलाउड टू गो' लिहितात.