अनुभव धागा : ‘आज उपासना छान झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या महिन्यात आमच्या उपासना समितीची सभा झाली, दोन तास चालली. पडद्यावरची अक्षरं किती मोठी, गीतं तीन की चार, खुर्च्या गोल मांडायच्या की रांगेत, उपदेशाला पंचवीस मिनिटं की पस्तीस. दोन जण रुसले, एक उठून गेला. इतिवृत्त मी लिहितो. शेवटची ओळ लिहिली, ‘प्रार्थनेने सभा संपली’, आणि थबकलो. दोन तासांच्या नोंदीत देवाचा संबंध येणारी ती एकच ओळ होती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, येशूशी बोलणारी शोमरोनी स्त्री आठवली. तिचाही प्रश्न समितीचाच होता. आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करावी, तर खरं ठिकाण कुठलं? गरिज्जीम डोंगर की यरुशलेम? येशू दोन्हींपैकी एकालाही मत देत नाही. ‘आत्म्याने व खरेपणाने’ एवढंच म्हणतो, आणि विषय जागेवरून माणसावर येतो. आम्ही अजून डोंगरच ठरवतोय.

म्हणून हा धागा. इथे धर्मशास्त्राचे निबंध नकोत. तुमच्या आयुष्यात उपासना खरोखर झाली असं कधी वाटलं, किंवा इतकी वर्षं ती झालीच नव्हती असं कधी लक्षात आलं, तेवढं लिहा. पंथावरून भांडू नका. मंडळीचं (म्हणजे चर्चचं) आणि पाळकांचं नाव घेऊ नका.

ऑर्गनवाला

बावीस वर्षं ऑर्गन वाजवतोय. मागे मनगट मोडलं आणि सहा आठवडे बाकावर बसावं लागलं, साध्या माणसासारखं. पहिला रविवार बदली वादकाच्या चुका मोजण्यात गेला. दुसराही. (लय फार ओढत होता. अजूनही माझं तेच मत आहे.) चौथ्या रविवारी पापांगीकार (सगळ्यांनी मिळून पापं कबूल करण्याची प्रार्थना) सुरू झाला, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मला कळेना की आता आपण काय करायचं. बावीस वर्षं त्या दोन मिनिटांत मी पुढच्या गीताचं पान शोधत होतो. शब्द सगळे पाठ होते, ऐकून ऐकून. म्हटले मात्र कधीच नव्हते.

पुढे ऑगस्टीन वाचला. आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात तो कबूल करतो की गाण्यातल्या अर्थापेक्षा आवाजानेच मी जास्त हललो, तर माझ्या हातून पाप झालं असं मी मानतो, आणि तेव्हा गाणं ऐकलंच नसतं तर बरं, असं वाटतं. तरी तो गाणं बंद करा म्हणत नाही, कारण सुरुवातीच्या दिवसांत मंडळीची गीतं ऐकून आलेले अश्रू त्याच्या लक्षात आहेत. सोळाशे वर्षांपूर्वीचा बिशप आणि माझी अडचण एकच, हे वाचून बरं वाटलं.

आता पापांगीकाराच्या वेळी हात मांडीवर ठेवतो. पुढचं गीत दहा-बारा सेकंद उशिरा सुरू होतं. तक्रार आली आहे.

माजी खजिनदार

हिशेबावरून एका वडिलांशी माझं बिनसलं. वडील म्हणजे मंडळीचे वडील, बाप नव्हे. तीन वर्षं बोलणं बंद. दर महिन्याला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दोघंही घ्यायचो, तो डाव्या रांगेत, मी उजव्या. एके दिवशी शास्त्रपाठ मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आला. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. मी हे शंभरदा ऐकलं होतं. पण त्यात तुझ्या मनात नव्हे, *त्याच्या* मनात असं आहे, हे त्या दिवशी कानात शिरलं. मला वाटायचं, चूक त्याची, तर त्याने यावं.

रांग सोडून पलीकडे गेलो. तो म्हणाला, “आत्ता?” मी म्हटलं, “नंतर माझ्याच्याने होणार नाही.”

आम्ही दोस्त झालो नाही. हिशेब चुकीचाच होता, असं मी आजही म्हणेन. पण त्या दिवशीची भाकर घशाखाली निराळी उतरली.

जुनी पानं वाचणारा

खजिनदारसाहेब, तुमच्यासाठी दोन नोंदी. ‘दिदाखे’ ही अगदी आरंभीच्या मंडळीची छोटी मार्गदर्शिका. तिच्या चौदाव्या प्रकरणात सांगितलंय की ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये, नाहीतर तुमचा यज्ञ विटाळेल. आणि इ.स. 112च्या सुमाराचं रोमी सुभेदार प्लिनीचं सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र. हा विरोधी पक्षाचा माणूस, चौकशी करणारा. तो कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि शपथ घेतात. कसली? चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. बाहेरच्या माणसाने केलेलं ख्रिस्ती उपासनेचं हे आपल्या हाती असलेलं सर्वांत जुनं वर्णन. त्यात गीताला एक ओळ आणि हिशेबाच्या सचोटीला चार.

बाळाची आई

तीन वर्षं झाली, मी एकही उपदेश पूर्ण ऐकलेला नाही. लहान मुलांच्या खोलीत स्पीकर आहे, पण तो खरखरतो. “म्हणून पौल म्हणतो की...” खर्रर्र. पौल काय म्हणतो ते आजवर कळलेलं नाही. लोक म्हणतात, लहानाला सांभाळणं हीच तुझी उपासना. म्हणणाऱ्यांच्या मांडीवर सहसा कुणी नसतं.

खरं सांगू? मला ते वाक्य ऐकून रागच येतो. मला आत बसायचंय. एकदा एका म्हाताऱ्या बाई खोलीत आल्या, काही न बोलता बाळ घेतलं आणि मला दाराकडे ढकललं. आत शेवटचं गीत चालू होतं, दोन कडवी मिळाली. मी गायले नाही, नुसती उभी राहिले. माझी उपासना बहुतेक त्या बाईंनीच केली.

हिब्रू शिकवणारा

बाळाच्या आई, राग रास्त आहे. ‘काम हीच उपासना’वाले ज्या शब्दाचा आधार घेतात तो हिब्रूतला ‘आबोदा’. शेतातलं राबणं, मिसरातली (इजिप्तमधली) वेठ आणि मंदिरातली सेवा, तिन्हींना हाच शब्द. पण उपासनेसाठी दुसराही शब्द येतो, लोटांगण घालण्याचा, जमिनीपर्यंत वाकण्याचा. ग्रीकमध्येही जोडी आहे. योहान चारमध्ये ‘प्रोस्कुनेओ’, पुढे वाकणे, आणि रोमकरांस 12:1मध्ये ‘लातरेइया’, सेवा. तिथे पौल शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पायला सांगतो. (खर्रर्रनंतर बहुधा तेच होतं.) एक शब्द वाकायला लावतो, दुसरा राबायला. राबणाऱ्याला वाकायची सवड न देणं आणि वाकून झाल्यावर राबायचं टाळणं, दोन्ही आपल्याकडे चालतं.

ड्रमवाला पोरगा

आम्हा तरुणांच्या उपासनेला सगळे ‘कार्यक्रम’ म्हणतात. दावीद राजा देवाच्या कोशापुढे नाचला तेव्हा त्याची बायको मीखलही खिडकीतून तेच म्हणाली असणार. तरी कबूल करतो, वाजवताना माझं अर्धं लक्ष कॅमेरा कुठे वळलाय त्याकडे असतं. प्रार्थना होते ती सगळे गेल्यावर, वायरी गुंडाळताना. तेव्हा हॉल रिकामा असतो आणि मी कुणाला दिसत नाही.

कानाने नाही ऐकत

मी जन्मापासून बहिरा. माझी गीतं हातांनी. आमच्या ताई खुणा करतात तेव्हा ‘प्रभू’ची खूण खांद्यावरून कमरेपर्यंत येते, तिरकी, राजाच्या पट्ट्यासारखी. ती करताना दर वेळी आपण कुणाचे तरी आहोत असं अंगाला जाणवतं. तुम्हा लोकांच्या जिभेला जाणवतं का, माहीत नाही.

आणि हो, डोळे मिटून प्रार्थना करा असं सांगतात तेव्हा मला डोळे उघडेच ठेवावे लागतात. कोण मोबाईल बघतं ते सगळं मला ठाऊक आहे.

जपमाळेच्या आजी

मी कॅथलिक. लहानपणी मिस्सा (आमची चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये. आम्ही पोरं पोपटासारखी उत्तरं द्यायचो, अर्थ शून्य. 4 डिसेंबर 1963ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज आला. लोकांनी पूर्ण, सजग आणि सक्रिय भाग घ्यावा असं त्यात होतं, लोकभाषेलाही वाट मिळाली. नंतर आमच्याकडे स्वतःच्या भाषेत मिस्सा झाली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. ‘प्रभो, मी योग्य नाही’ हे मी आजवर दर आठवड्याला म्हणत होते, हे त्या दिवशी समजलं! घरी येऊन आईला म्हटलं, किती छान ना.

आई गप्प. ती पूर्वी मिस्साभर जपमाळ ओढायची, तिकडे धर्मगुरू त्यांचं करायचे, इकडे ती तिचं. आता सारखं उत्तर द्यावं लागे. म्हणाली, “आता मला तिथे बोलावं लागतं, पूर्वी नुसतं असता यायचं.” तिला एक शब्द कळत नव्हता, मग तिची चाळीस वर्षांची उपासना खोटी होती? मला तसं म्हणवत नाही. आणि मला जुनं परत नको आहे. दोन्ही खरं.

पाळक (नाव सांगत नाही)

मी उपदेश करताना डोकी मोजतो. वाईट सवय. तिसऱ्या बाकावरचं कुटुंब दिसलं नाही की माझा दुसरा मुद्दा लंगडतो.

आमच्या एक बाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. प्रभुभोजन घरी घेऊन जातो. ही माझ्या सोयीची नवी पद्धत नव्हे. जस्टिन मार्टर हा आरंभीचा ख्रिस्ती लेखक इ.स. 155च्या आसपास रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन करतो. वाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग गैरहजर असलेल्यांकडे डीकन (मंडळीचे सेवक) वाटा घेऊन जातात, आणि जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी जातं. म्हणजे उपासना दारापाशी संपत नव्हती, ती पायी लोकांच्या घरी जात होती.

बाई दर वेळी विचारतात, “कोणकोण आलं होतं?” मी आकडा सांगतो. त्या म्हणतात, आकडा नको. मग स्वतःच बाकांच्या क्रमाने नावं घेत प्रार्थना करतात. पहिला बाक, दुसरा बाक... त्यांच्या डोक्यातलं मंदिर जुनं आहे, त्यात वारलेलेही बसलेले असतात. मी दुरुस्त करत नाही.

सध्या जात नाही

नोकरी गेली तेव्हा आठ महिने रोज देवाचं नाव घेणाऱ्या लोकांपैकी एकाने विचारलं नाही. त्याच आठ महिन्यांत नव्या ध्वनियंत्रणेसाठी तीनदा वर्गणीचं आवाहन झालं. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचा पाचवा अध्याय वाचा. तुमचे उत्सव मला नकोसे झालेत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात धर्मोपदेशक क्रिसोस्तोमही मत्तयावरच्या प्रवचनात तेच ओरडला होता. ख्रिस्ताला आत रेशमाने मढवायचं आणि बाहेर गरिबाच्या रूपात तोच उघडा कुडकुडतो तिकडे बघायचं नाही, असं करू नका.

हा अनुभव आहे, मत नव्हे. बाकी तुमचं चालू द्या.

धागाकर्ता

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा अनुभव वर पहिल्या पानावर जोडतो आहे.

मधल्या बाकावरची

नवरा गेला त्यानंतरचा दुसरा रविवार. मी गेले कारण घरात बसवत नव्हतं. स्तुतिगीतांत ओठ हलवले. माझी स्वतःची प्रार्थना तेव्हा बंदच पडली होती, शब्द सापडत नव्हते आणि सापडले असते ते देवळात म्हणण्यासारखे नव्हते.

आमच्याकडे स्तोत्रं ओळीने वाचतात, निवडून नाही. आधीच्या रविवारी 87 झालं होतं, म्हणून त्या दिवशी 88. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, तक्रारीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ वगैरे. हे वळत नाही. जिवलग दूर गेले, आणि शेवटचा शब्द अंधार. तिथेच संपतं. वाचणारा मुलगा थांबला, पान उलटून बघितलं, बहुतेक पुढे काहीतरी असेल असं त्याला वाटलं. नव्हतं. मग तो नेहमीसारखं म्हणाला, “हे प्रभूचं वचन आहे.” आणि सगळ्यांनी म्हटलं, “देवाला धन्यवाद.”

मी पण म्हटलं. हे पुस्तकात आहे, म्हणजे हे इथे म्हणायला परवानगी आहे, एवढंच डोक्यात होतं. पुष्कळ दिवसांनी मी खोटं न बोलता काहीतरी म्हटलं होतं.

त्या दिवशी कुणी निवडून वाचन ठेवलं असतं, तर माझ्याकडे बघून धीर देणारं स्तोत्र 23 ठेवलं असतं. चांगल्या मनानेच.

मौनवाला

लिहू की नको करत होतो. एकदा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत गेलो. पाळक नाही, गीत नाही, तासभर मौन, कुणाला आतून आलंच तर तो उठून बोलतो. सतराव्या शतकापासून हे असंच बसतात. पहिली वीस मिनिटं माझ्या डोक्यात गाडीचा हप्ता होता. त्यानंतर मी कुणावर रागावलोय त्यांची यादी आली, वाटली होती त्यापेक्षा लांब. तासात कुणीच बोललं नाही. मधल्या बाकावरच्या ताईंचं वाचून आज पुन्हा तसंच वाटलं.

धागाकर्ता

काल समितीची पुढची सभा झाली. मी हा धागा छापून नेला होता. मुलांच्या खोलीतला स्पीकर तपासला, आमच्याकडेही तो बंदच निघाला. किती महिने, कुणाला माहीत नाही. दुरुस्तीचा ठराव एकमताने झाला. कामावरून कमी झालेल्या दोघांची नावं निघाली, त्यांच्याकडे कोण जाणार यावर जरा शांतता पसरली, मग दोघांनी हात वर केले. एक त्या दिवशी रुसून गेलेला.

स्तोत्रं ओळीने वाचावीत असंही मी सुचवलं. एका सदस्याने 88 काढून बघितलं आणि म्हणाले, “हे नको, लोक उदास होऊन घरी जातील.” विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. लिहीत राहा.