टफी मेला, आणि तरी बेडूक पाळणाऱ्यांनाच नावं का ठेवता?

ओलावा (धागाकर्ता):
मागच्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना मी सहज म्हटलं, लाल डोळ्यांचा झाडबेडूक पाळायचाय. सगळे घास घ्यायचे थांबले. एकजण म्हणाली, "जंगलातलं जंगलात राहू दे की!" आणि माझ्याच डब्यातली लोणच्याची फोड उचलली. म्हणून हा धागा.

टफी आठवतो? पनामातल्या एल वाये दे आंतोनचा, हातापायांना झालरीसारखी कातडी असलेला, उंच झाडावरून तरंगत उतरणारा रॅब्सचा झाडबेडूक. कायट्रिड ही बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी बुरशी त्या डोंगरांकडे सरकताना दिसली म्हणून २००५ मध्ये संशोधकांनी तिथले बेडूक उचलून अमेरिकेत नेले. पुढच्याच वर्षी बुरशी पोचली. जातीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं २००८ मध्ये, म्हणजे बारशाच्या आधीच घर रिकामं. टफी त्यातला शेवटचा. २६ सप्टेंबर २०१६ ला अटलांटाच्या वनस्पती उद्यानात गेला.

माझं म्हणणं एवढंच, की त्याची वीण कशी घ्यायची हे तेव्हा कुणालाच येत नव्हतं. लाल डोळ्यांच्या बेडकाची वीण आज लोक घरात घेतात, कारण हौशी लोकांनी वर्षानुवर्षं मार खात ते शिकून घेतलं. ही विद्या वाईट कशी?

कातळसडा:
साफ असहमत. टफीची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. या जातीचा बाप पाणी साठलेल्या झाडाच्या ढोलीत पिल्लांची राखण करतो, आणि बेडूकमासे त्याच्या अंगाची कातडी खरवडून खातात. असला संसार काचेच्या पेटीत कसा मांडणार? टफी पकडल्यापासून गप्प होता, तो डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्यांदा ओरडला. तोवर मादी उरलीच नव्हती. बोलावत कुणाला होता?

आणि बुरशी पसरवली कुणी? २०१८ च्या जनुकीय अभ्यासात तिचं मूळ पूर्व आशियात निघालं. तिथून ती जगभर गेली यात बेडकांच्या व्यापाराचा मोठा हात. २०१९ च्या मोजणीत तिने झळ पोचवलेल्या ५०१ जाती निघाल्या, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. ज्यांनी काडी टाकली त्यांनाच बंब चालवायला द्यायचा का?

जर्सीकर:
मी पाळतो, न्यू जर्सीत. म्हणून दोघांशीही भांडतो.

पहिली जोडी एका प्राणी-मेळ्यातून आणली. विकणारा म्हणाला घरची वीण, निघाले रानातून पकडलेले. तीन आठवड्यांत दोन्ही मेले. तेव्हापासून नवा बेडूक आला की वेगळी पेटी, वेगळे चिमटे, आणि पेटीतलं पाणी ब्लीच घातल्याशिवाय मोरीत जात नाही.

वीण घ्यायची तर आधी दीड-दोन महिने पेटी कोरडी ठेवायची, खाणं कमी. मग पाऊस. मत्स्यटाकीचा छोटा पंप आणि भोकं पाडलेली नळी, रात्रभर. तिसऱ्या रात्री नर ओरडायला लागतात. मादी नराला पाठीवर घेऊन खाली उतरते, पाण्यात बसते, पोटात पाणी भरून घेते आणि पुन्हा वर चढून पानाच्या पाठीला अंडी चिकटवते. चाळीसेक असतात. एकदा पान हलवताना माझा हात थरथरला आणि पाचव्याच दिवशी चार बेडूकमासे टपाटप पाण्यात पडले. रानात साप अंड्यांना तोंड लावतो तेव्हा असंच होतं. हादरा ओळखून गर्भ वेळेआधी अंडं फोडतात.

हे सगळं बघायला मिळतं म्हणून मी पाळतो. पण ओलावा, याला संवर्धन म्हणू नका. माझे बेडूक कोस्टारिकाच्या रानातले की होंडुरासच्या, कुणालाच ठाऊक नाही. ही पिल्लं कुठल्याच जंगलात परत सोडता यायची नाहीत. बेडकांना खायला द्यायच्या रातकिड्यांना कॅल्शियमची पूड चोळण्यात रोजची संध्याकाळ जाते ती वेगळीच.

ओलावा:
मग मँचेस्टरच्या संग्रहालयात रानात संपत आलेले लेमूर पर्णबेडूक वाढवतात ते काय? आणि २००६ मध्ये एल वायेत बुरशीपासून वाचवलेले बेडूक ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तिथल्या हॉटेलातल्या खोल्या दिल्या होत्या. पेट्या तिथेही होत्याच!

कातळसडा:
तिथे कुठला बेडूक कुठून आला याची नोंद असते. तुमच्या दिवाणखान्यात काय असेल? आणि भारतात वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी लागते. लाल डोळेवाला २०१० पासून त्या यादीत आहे. आधी ते वाचा.

चौकुळकर:
आंबोलीजवळ राहतो. पेटी कशाला, आमच्या परसात सिमेंटची टाकी आहे. जूनचा पाऊस लागला की वरच्या जांभळीच्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी लटकतात. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, रवीने ताक केल्यागत. पिल्लं खाली टाकीत पडतात. एक घरटं बाजूला, कोरड्या फरशीवर आलं होतं, तर आईने खाली पाण्याची बादली ठेवली. पिल्लं टाकीत सोडून बादली धुणं भिजवायला परत. झालं आमचं संवर्धन.

त्रास देतात ते रात्री बॅटऱ्या घेऊन येणारे. फोटोसाठी फांदी वाकवतात, बेडूक हातात घेतात, आणि कालच्या दुसऱ्या घाटातल्या चिखलाचे बूट तसेच आमच्या ओढ्यात. असल्या चिखलातून पसरू शकणारी ही बुरशी आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडलीय, २०१३ ला छापून आलंय. पनामासारखी मर आमच्याकडे दिसलेली नाही, म्हणून कुणी बूट धूत नाही.

ओलावा:
चौकुळकर, बादलीपुढे हात टेकले. लाल डोळेवाला रद्द. पण माझा प्रश्न तिथेच आहे. उद्या तुमच्याकडे मर लागली, तर मलबारी बेडूक पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जगवायचा कसा, हे किती जणांना येतं? तहान लागल्यावर विहीर खणणार?

कातळसडा:
मोजकी माणसं शिकोत, परवाने काढून, नोंदी ठेवून. घरोघरी नको.

जर्सीकर:
आणि त्या मोजक्यांना शिकवणार कोण? मी तीन पंप जाळले तेव्हा कुठे पाऊस जमला.

चौकुळकर:
पंपाचं माहीत नाही. पाऊस आमच्याकडे फुकट आहे. जूनच्या शेवटी या. फ्लॅश आणू नका, आणि बूट घाट चढायच्या आधी धुवा.